तुटक्या पानाचं रिव्हॉल्व्हर

१

महालिंगप्पांच्या दुकानात जुनं हत्यार आलं की बापलेकींच्या कामाची रीत ठरलेली असे. आधी नागम्मा बघायची, मग अप्पा. नागम्मा डोळ्यांनी बघायची आणि अप्पा बोटांनी, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून अप्पांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. नागम्मा भिंग लावून नंबर वाचायची, छाप वाचायची. अप्पा हत्यार तळव्यावर तोलायचे, नळीवरून अंगठा फिरवायचे, नाकाशी धरून वास घ्यायचे. मग एकच शब्द बोलायचे. 'अस्सल', नाहीतर 'नकली'. तिसरा शब्द नाही.

निजामाच्या फौजेत वीस वर्षं त्यांनी हत्यारं दुरुस्त केली होती. पंचेचाळीस साली फौज सोडून ते नळदुर्गला आले आणि सडकेला लागून दुकान थाटलं. आता दुकानात जास्त करून स्टोव्ह, कुलपं आणि ट्रकचे हॉर्न यायचे. तरी जुन्या बंदुकांचे षौकीन सोलापूर-हैदराबादहून वाट वाकडी करून यायचेच. एकदा लातूरचा एक डॉक्टर आरशासारखं चकचकीत केलेलं फौजी रिव्हॉल्व्हर घेऊन आला होता. अप्पांनी नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हत्यार अस्सल हाय, पण किंमत तुमीच घालवली. जुन्या हत्याराची कातडी सोलायची नसती. त्याच्यावरचा डाग म्हंजे त्याची साक्ष."

नवरा वारल्यावर नागम्मा बाविसाव्या वर्षी माहेरी आली. गेली वीस-बावीस वर्षं ती अप्पांच्या या साक्षी कागदावर उतरवत होती. बापाचा शब्द खोटा निघाल्याचं तिनं कधी बघितलं नव्हतं.

त्र्याहत्तर सालचा चैत्र होता. बोरी नदीत पोरं क्रिकेट खेळत होती. गल्लीत तीन दिवसांआड खरेदी-विक्री संघाचा टँकर यायचा आणि घराला चार घागरी पाणी मिळायचं. त्या दिवशी टँकरच्या मागोमाग संघाची जीप आली आणि संघाचे चेअरमन, शेरखेडचे आण्णासाहेब, दुकानाची पायरी चढले.

"काय हत्यारवाले, जिवंत हाय का?"

"तुमच्या टँकरच्या कृपेनं," अप्पा म्हणाले.

आण्णासाहेब मोठ्यानं हसले. पन्नाशीचा गडी, पण मिशा अजून काळ्या कुळकुळीत, कलप लावलेल्या. त्यांनी पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर अवजारांच्या पेटीवर ठेवलं.

"ह्ये बघा. रझाकारीत निजामाच्या एका कप्तानाच्या हातातनं म्या हिसकलेलं. पोलीस ॲक्शन झाल्यावर हत्यारं जमा करायची दवंडी आली, तवा आमच्या विहिरीत टाकलं. यंदा इहीर आटली, गाळात घावलं. संघाच्या नव्या इमारतीत काचंच्या कपाटात ठिवायचंय, खाली माझं नाव. फौजदार म्हनतो, जाणत्याचा दाखला पायजे. आता तुमच्याएवढा जाणता कोन हाय जिल्ह्यात?"

"बघतो," अप्पा म्हणाले.

"बघायचं काय त्यात? लिवायचं. परवा बाराला उद्घाटन हाय. जीप धाडतो." जाताना पायरीवर थांबून त्यांनी गल्लीतल्या घागरींच्या रांगेकडं बघितलं. "टँकर येळेवर येतो न्हवं?"

हा प्रश्न नव्हता हे नागम्माला कळलं. तिनं फडकं उचललं. ते दमट होतं. जीपमध्ये धरणाऱ्याच्या हाताला घाम आला असेल, असं ती मनाशी म्हणाली.

२

दुपारी तिनं रिव्हॉल्व्हर पितळी ताटलीत घेतलं आणि भिंग लावलं. विलायती, कमरेत मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. सोबत पंचनाम्याची नक्कल होती. गाळातून निघालं तेव्हा चक्रीत पाच काडतुसं जिवंत होती आणि एक उडालेलं.

हत्यार फौजेचं असलं की त्यावर बाणाचा छाप असतो आणि तुकडीचा नंबर. दोन्ही होतं. नागम्मानं भिंग जवळ नेलं. लोखंडाला चोवीस वर्षांच्या गाळानं बारीक खड्डे पडले होते, देवीच्या वणांसारखे. जुनी अक्षरं असतील तर गंज अक्षरांच्या पोटातही जातो. इथं खड्डे अक्षरांच्या खालून गेले होते, आणि अक्षरांच्या पोटात लोखंड पांढरं होतं.

म्हणजे गंज आधी आणि अक्षर नंतर. नंबराच्या जागेवर कानस फिरली होती. कुणीतरी महिन्याभरात, घाईनं, पंच ठोकला होता.

"अप्पा, छाप नवीन हाय."

अप्पांनी हात पुढं केला. रिव्हॉल्व्हर तळव्यावर घेतलं, तोललं, नळीवरून अंगठा नेला. मग दस्त्यापाशी अंगठा थबकला. नागम्मा शब्दाची वाट बघत बसली. शब्द आला नाही. अप्पांनी हत्यार खाली ठेवलं आणि म्हणाले, "हातावर पाणी घाल."

तिनं तांब्या आणला. पाण्याचा थेंब न् थेंब जपणारे अप्पा त्या दिवशी कितीतरी वेळ हात धूत राहिले. तांब्या रिकामा झाला तरी हात चोळत राहिले.

"उद्या बघू," म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले.

नागम्माला राहवेना. नळी अजून बघायची होती. रिव्हॉल्व्हर मोडून उघडायचं, मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरायचा, पुढच्या तोंडाला डोळा लावायचा, की कागदाचा उजेड नळीत शिरतो आणि आतल्या आट्या दिसतात. तिनं तसं केलं. बाहेर चैत्राचं ऊन डोळे फोडत होतं.

नळीत उजेड नव्हता.

गाळ अडकला असेल. तिनं सळईला चिंधी गुंडाळून आत घातली. सळई सरळ या तोंडानं आत गेली आणि त्या तोंडानं बाहेर आली, मध्ये कुठं अटकली नाही. चिंधी बाहेर आली ती ओलीचिंब. तिनं पुन्हा डोळा लावला. अंधारच. आणि डोळ्याला गार वारं लागलं.

३

सकाळी ताटली काठोकाठ भरली होती.

नागम्मा उंबऱ्यातच उभी राहिली. पितळी ताटली, तिच्यात पाणी, पाण्यात बुडलेलं काळं लोखंड. छतातून गळायला आभाळात ढग नव्हता. मांजरानं तांब्या लवंडला म्हणावं तर तांब्या कालच रिकामा झालेला. गार लोखंडाला घाम येतो हे तिला ठाऊक होतं, पण तो थंडीत. आणि घाम आला तरी किती येईल? तिनं बोट बुडवून वास घेतला. शेवाळाचा वास. खोल, सावलीतल्या पाण्याचा वास, जो त्या वर्षी जिल्ह्यात कुणाच्या नाकाला लागला नव्हता.

तिनं पाणी परसात कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं. ओतताना मागून कुणीतरी घसा खाकरला. दोनदा.

"उठलात का अप्पा?"

अप्पा आत झोपले होते. तिनं जाऊन बघितलं. तोंड भिंतीकडं, कालच्यासारखं. परत येऊन तिनं रिव्हॉल्व्हर पुसायला उचललं, तेव्हा पुन्हा तोच आवाज आला, लांबून, बोगद्यातून आल्यासारखा. तिनं हत्यार पटकन पेटीवर ठेवलं. सडकेवर ट्रक उभा असेल, ड्रायव्हर खाकरत असेल. ती बाहेर आली. सडक रिकामी होती.

भीतीपेक्षा तिला राग आला. एवढं वय झालं, हजार हत्यारं हाताखालून गेली, आणि आपण लोखंडाला भ्यायचं? तिनं पेचकस घेतला. दस्ता नवा होता, शिसवी, झिलईदार. स्क्रूही नवे. दस्ता निघाला आणि आतल्या लोखंडावर तिला बेलाचं पान दिसलं.

नखाएवढं. तीन दलांचं. मधलं दल तुटकं.

नळदुर्गला दुकान थाटल्यावर अप्पांनी एक नेम धरला होता. दुरुस्त केलेल्या प्रत्येक हत्याराला दस्त्याच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, महादेवाचा बेल कोरायचा. हे हत्यार कुणाचा जीव घेणार असेल तर त्यात माझा हात नाही, असं देवाला सांगायची ती त्यांची रीत. अशी शेकडो पानं त्यांनी कोरली होती. तुटकं मात्र एकच. ती गोष्ट नागम्मानं कितीतरी वेळा ऐकली होती. शेरखेडचे थोरले पाटील, आण्णासाहेबांचे वडील, आपलं लायसनचं रिव्हॉल्व्हर घेऊन दुकानात बसले होते आणि घाई करत होते, त्यात छिन्नी सटकली.

हे कुठल्या कप्तानाचं रिव्हॉल्व्हर नव्हतं. हे पाटलांच्याच घरचं होतं. आणि पाटलांच्या घरचं रिव्हॉल्व्हर अठ्ठेचाळीस साली कुणी चोरलं हे शेरखेडच्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. सालगडी गोरोबानं चोरलं आणि तो रझाकारांत पळून गेला. गोरोबा चोर. गोरोबा फितूर.

मग चोरलेलं रिव्हॉल्व्हर पाटलांच्याच विहिरीत कसं?

तिनं आत जाऊन अप्पांचं बोट धरलं आणि त्या पानावर टेकवलं. अप्पांनी बोट झटकन मागं घेतलं. विस्तवावर पडल्यासारखं.

"तुमाला काल कळलं हुतं," ती म्हणाली.

"अस्सल म्हणून लिही, यव्वा."

"काय?"

"फौजेचं, अस्सल. लिही आणि दे. पाणी लागतंय आपल्याला."

आयुष्यात पहिल्यांदा नागम्मानं बापापुढं भांडं आपटलं.

४

त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत चांगुणा आली. गोरोबाची बायको. सडकेच्या दुष्काळी कामावर ती खडी फोडायची. डोक्यावर फडकं, भुवयांवर दगडाची भुकटी. दुकानाच्या पायरीवर ती बसली नाही, उभीच राहिली.

"नागाक्का, ते हितं हाय म्हनं."

"काय?"

"उगं इचारू नका. म्याच काढलं त्याला. माझ्या घमेल्यात आलं ते."

नागम्मानं तिला आत घेतलं. बसायला पोतं दिलं. चांगुणा बसली आणि ताटलीतल्या रिव्हॉल्व्हरकडं बघत राहिली.

"पाटलाच्या हिरीतला गाळ काढायला आमाला लावलं, बौद्धवाड्यातल्या बायांना. सारा जलम त्या हिरीचा दोर आमच्या हाताला लागू दिला न्हाय. लांब हुबं ऱ्हायाचं, कुनी वतलं तर प्यायचं. धर्म बदलला, जयभीम म्हनलो, तरी त्यो दोर काय आमाला मिळाला न्हाय. आन गाळ काढायच्या टायमाला बरी आमची याद आली." ती कडवट हसली. "त्यात ह्ये निगालं. मुकादम वरडला, पाटील पळत आला. पायात वहान न्हवती त्याच्या. त्याच सांजंला काम बंद. कातळ लागला म्हनं. कशाचा कातळ? गुडघ्याएवढा पाय रुतत हुता आमचा. दुसऱ्या दिशी हिरीवर फरशा टाकल्या. आटल्या हिरीवर फरशा कोन टाकतं, नागाक्का?"

नागम्मानं पंचनाम्याची नक्कल पुढं ओढली.

"किती गोळ्या उडाल्या हुत्या?"

"एक."

चांगुणानं मान हलवली, जणू दुकानातल्या सामानाचा भाव ऐकला. "त्या दिशी सांजंला ह्येंनी भाकर मागितली. पाटलानं बलिवलंय, जाऊन आलो म्हनले. भाकर तव्यावर हुती. चोवीस वर्सं लोक म्हनत्यात, चोराची बायकू. माझ्या लेकीला दोन ठिकानी नकार आला, चोराची लेक म्हून. आमचं मानूस बोलायच्या आदी दोनदा घसा खाकरायचं आन मग 'धनी' म्हनायचं. ज्याला धन्याम्होरं नीट बोलायचं धाडस न्हवतं त्यो धन्याचं पिस्तूल चोरंल व्हय?"

सकाळचा आवाज नागम्माला पुन्हा ऐकू आला, पण आता तो फक्त आठवणीतला होता, की ताटलीतला, हे तिला सांगता आलं नसतं.

चांगुणा वाकली. ताटलीच्या तळाशी पुन्हा अंगठाभर पाणी जमलं होतं. तिनं वास घेतला आणि तिचं तोंड दगडासारखं झालं.

"त्याच हिरीचं पानी," ती म्हणाली. "ह्यो वास मला वळकायला येत न्हाय व्हय? तासतासभर हुबी ऱ्हायलेय या वासात. कुटनं आनलं?"

"कुठूनच न्हाई. येतंय ते."

चांगुणानं तिच्याकडं बघितलं. खोटं बोलते का हे बघितलं. मग उठली.

"तुमचा बाप जाणता हाय. उद्या काय त्ये खरं लिवा. दुसरं काय मागत न्हाय म्या."

ती गेल्यावर नागम्मानं मागं वळून बघितलं. आतल्या दारात अप्पा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

५

"मीच सांगितलं हुतं," अप्पा म्हणाले.

ते जमिनीवर बसले. डोळे उघडे, पांढरे.

"ॲक्शननंतरचे दिवस. निजामाच्या फौजेत हुता म्हणून धरून नेत हुते लोकांना. थोरले पाटील आले. बरोबर आण्णा, पंचविशीचा. म्हणाले, तुमच्यासाठी आम्ही शब्द टाकतो. तुम्ही फक्त पोलिसांना सांगायचं, गोरोबा दुकानात आला हुता, रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या मागत हुता. एवढंच. म्या म्हणलं, माणूस पळूनच गेलाय, त्याचं काय बिघडतंय?"

"तो आला हुता का दुकानात?"

"कधीच न्हाई."

नागम्माला ओरडायचं होतं. वीस वर्षं ती या माणसाचा शब्द कागदावर उतरवत होती. लोक लांबून यायचे त्या एका शब्दासाठी. आणि सगळ्यात मोठा खोटा शब्द त्यांनी तिच्या आधीच बोलून टाकला होता. तिला बापाचा राग आला, आण्णासाहेबाचा आला, टँकरचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण कोपऱ्यातल्या चार घागरींकडं तिची नजर गेली होती.

"चांगुणाबाई आत्ता पायरीवर हुत्या. तवा का न्हाई बोललात?"

पेटीवरून थेंब पडायला लागला. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप. ताटली भरून वाहायला लागली होती. पाणी पेटीवरून खाली आलं, फरशीच्या सांधीतून वळलं, आणि उतार दाराकडं असून उलटं अप्पांच्या पायाकडं गेलं. पायाला लागल्यावर अप्पांनी पाय पोटाशी घेतले. पाणी तिथंच थांबलं. दिवसभर थांबलं. सुकलं नाही.

"कागद घे," अखेर अप्पा म्हणाले.

६

संघाच्या नव्या इमारतीला पताका लावल्या होत्या. काचेचं कपाट तयार होतं, आत लाल मखमल. बाराचा सुमार. सात-आठ संचालक, फौजदार, पेढ्यांची परात. खिडकीबाहेर टँकरसाठी आलेल्या बायांची रांग होती. तिच्यात चांगुणा उभी होती.

अप्पांना खुर्चीवर बसवून, रिव्हॉल्व्हर फडक्यात घेऊन नागम्मा उभी राहिली. फडक्यातून पाणी ठिबकत होतं. कुणी विचारलं नाही. घाम वाटला असावा.

"वाचा वाचा," आण्णासाहेब म्हणाले. "मोठ्यानं वाचा."

तिनं वाचलं. छाप नवा आहे. नंबर कानसून बदलला आहे. फौजेचं हत्यार नव्हे. दस्त्याच्या आत बेलाचं पान, मधलं दल तुटकं, ही महालिंगप्पांची खूण. शेरखेडच्या पाटलांच्या घरचं लायसनचं रिव्हॉल्व्हर, जे अठ्ठेचाळीस साली गोरोबानं चोरलं असं सांगितलं गेलं, ते हेच. ते चोरीला गेलेलं नाही. ते पाटलांच्या विहिरीतून कधी बाहेरच गेलं नव्हतं.



"आणि तवा पोलिसांत साक्ष देणारा मी," अप्पा काठीला धरून उठले. "गोरोबा माझ्या दुकानात कधी आला न्हवता. म्या खोटं बोललो."

"म्हातारा भरमलाय!" आण्णासाहेब कडाडले. "डोळं गेलं, आता डोकं बी गेलं! फौजदारसाब, आंधळ्याच्या बोटावर इस्वास ठिवायचा का माझ्यावर? आन तू गं? टँकर पायजे का न्हाय तुमच्या गल्लीला?"

"न्हाई पायजे," नागम्मा म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. जन्मभर ती कुणाशी वर आवाज करून बोलली नव्हती. "तुमच्या पाण्याला वास येतो आण्णासाहेब. चोवीस वर्षं अख्खं गाव पीत हुतं ते पाणी. तुमचं लेकरूबाळ पीत हुतं."

"काय बोलतीस?"

"नळी ऱ्हायलीय बघायची. सगळ्यांदेखत बघते."

तिनं रिव्हॉल्व्हर मोडून उघडलं, मागं दाखल्याचा कागद धरला आणि डोळा लावला.

या वेळी अंधार नव्हता. लांब, फार लांब, रुपयाएवढं गोल आभाळ होतं. नळीच्या आट्या दगडी बांधकामासारख्या गोल गोल वर चढत गेल्या होत्या. ती वर बघत होती. खालून वर. गोलाच्या काठावरून एक डोकं आत वाकलेलं होतं. फेटा. काळ्या मिशा. मिशांना अजून कलप लागत नव्हता. हातात दोर होता, आणि दोराचं टोक तिच्या अगदी तोंडाजवळ लोंबत होतं.

मग ते टोक वर जायला लागलं. हळूहळू, वीत वीत.

तिनं डोळा काढला. समोर तेच डोकं होतं, चोवीस वर्षांनी म्हातारं झालेलं.

"घ्या," तिनं रिव्हॉल्व्हर पुढं केलं. "किंमत तुमीच करा."

आण्णासाहेबांनी ते हिसकावून घेतलं. एवढ्या लोकांत न बघणं म्हणजे भ्याला म्हणून कबूल करणं. त्यांनी डोळा लावला.

आणि काढलाच नाही.

सगळे वाट बघत राहिले. नळीतून पाणी आलं, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, पांढऱ्या सदऱ्यावर पसरलं, धोतरावरून नव्या फरशीवर आलं. एवढंसं हत्यार, आणि पाणी येतच होतं. कुणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांना कळलं नाही. त्यांचा मोकळा हात वर गेला, डोक्याच्या वर, आणि हवेत काहीतरी चाचपू लागला.

मग त्यांनी घसा खाकरला. दोनदा.

"धनी," आण्णासाहेब म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. मऊ, दबलेला, मान खाली घालून बोलणाऱ्या माणसाचा आवाज होता. "धनी, दोर सोडा जी. जित्ता हाय म्या."

खिडकीबाहेर घागर पडली. नागम्मानं बघितलं. चांगुणानं गज दोन्ही हातांनी धरले होते.

"धनी," तोच आवाज पुन्हा आला, "दोर सोडा."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर नागम्माच्या गल्लीतून न थांबता गेला. ती आणि अप्पा तेव्हा शेरखेडच्या वाटेवर, बैलगाडीत होते.

आण्णासाहेब घरात होते, खाटेवर. बोलत नव्हते. पाणी दाखवलं की तोंड फिरवत होते, असं गाडीवान म्हणाला. फौजदारानं विहिरीवर पंचनामा लावला होता. फरशा बाजूला सारल्या होत्या. अर्धं गाव काठावर उभं होतं, पण आत उतरायला कुणी तयार नव्हतं. विहीर कोरडी होती हे सगळ्यांनी वरून बघितलं होतं, तरीही. फौजदार कातावून शिव्या देत होता.

गर्दी बाजूला झाली. चांगुणा आली. तिच्या खांद्यावर पाटलांच्या विहिरीचा दोर होता. रहाटाचा, जाड, तिच्या हाताला कधी लागू न दिलेला. पाटलांच्या गोठ्यातून तिनं तो उचलून आणला होता. वाटेत तिला कुणी अडवलं नव्हतं.

"बाई, दोर कशाला?" फौजदार म्हणाला. "कोण उतरणार हाय?"

"उतरायचं न्हाय कुनी."

तिनं दोराचं टोक आत सोडलं. हातभर, आणखी हातभर. शेवटी दोर ढिला पडला, तळाला टेकला. ती काठावर वाकली.

"सोडलाय जी," ती खाली म्हणाली. "धरा."

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.

दोर ताठ झाला.

चांगुणाचे पाय काठाच्या दगडावर सरकले. नागम्मानं धावत जाऊन मागून दोर धरला. तळवे सोलवटत होते. दोर थरथरत होता, जिवंत, आणि त्याच्या पिळातून गार पाणी वर झिरपत त्यांच्या बोटांवर येत होतं. फौजदार टोपी हातात घेऊन मागं सरकला.

"मला द्या," अप्पांचा आवाज आला. काठी टाकून, हात पुढं करून, ते गर्दीतून वाट चाचपत आले. नागम्मानं त्यांचा हात दोरावर ठेवला. त्यांनी दोर तळव्यावर घेतला, अंगठा फिरवला, वजन तोललं. नाकाशी नेला. त्यांच्या पांढऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अस्सल," अप्पा म्हणाले. आणि त्यांनीही पाय रोवले.